इंद्रजीतचं टिंब

प्रोग्रामच्या फाईली आणि त्यांतला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या गिटच्या सामायिक भांडारात दोनशे चौदा फाईली होत्या. त्यांतल्या दोनशे अकरा प्रोग्रामच्या, सगळ्यांचं मिळून वजन सहा मेगाबाईट. उरलेल्या तीन म्हणजे ड्रोनने काढलेले व्हिडिओ, एकोणीसशे चाळीस मेगाबाईटचे. रूपाने पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

पुंडलिकनगरातल्या त्या तीन टेबलांच्या ऑफिसात रूपाने डाळिंबबागेला पाणी कधी द्यायचं हे सांगणारा प्रोग्राम लिहिला होता. उद्या दहा वाजता फुलंब्रीत शेतकऱ्यांसमोर तो पहिल्यांदा चालायचा होता. तिथला माणूस सर्जेराव मोबाईलच्या नेटवर सकाळपासून चार वेळा भांडार उतरवायला बसला, आणि चारही वेळा ते अर्ध्यात तुटलं.

"ताई, हे उतरंना," तो फोनवर म्हणाला. "सायकलच्या कॅरेजवर म्हैस बांधल्यावानी झालंय."

भांडारात कोणी काय टाकलं याच्या नोंदी रूपाने चाळल्या. व्हिडिओ शेजारच्या टेबलावरच्या इंद्रजीतच्या नावावर होते.

"मी एकच फाईल टाकली व्हती," इंद्रजीत म्हणाला.

"दादा, कमांड कशी दिलीस ते टाईप करून दाखव बरं."

त्याने दाखवलं. फाईलीचं नाव, एक मोकळी जागा, शेवटी टिंब.

"हे टिंब कशाला?"

"टायपिंगच्या क्लासात सरांनी बोटांवर पट्टी मारून शिकवलंय. टिंबाशिवाय वाक्य संपत नाय."

"इथं टिंब म्हणजे, या फोल्डरात असंल नसंल ते सगळं घे."

इंद्रजीतने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "म्हंजे सरांनीच टाकले म्हणायचे व्हिडिओ."

फाईल नुसती पुसून भागत नाही, भांडाराच्या इतिहासात तिची प्रत राहतेच. म्हणून रूपाने आधी इतिहासातूनच तिन्ही व्हिडिओ उपटले. मग एकोणीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहून प्रत्येक कॉम्प्युटरवर बसवली. भांडारात नोंद होण्याआधी ती प्रत्येक फाईल तोलायची आणि पाचशे किलोबाईटच्या वरचं काही असलं की परत पाठवायची. तिचं नाव रूपाने ठेवलं 'नाका'.

"व्हिडिओ तुझ्या फोल्डरात अजून आहेतच. आता मार तुझं टिंब."

इंद्रजीतने मारलं आणि नोंद करायला लावली. पडद्यावर उमटलं: 'नाका: तीन फाईली जड आहेत. सर्जेरावांच्या मोबाईलवर उतरणार नाहीत. नोंद थांबवली.'

"पुन्हा मारू?"

"दहा वेळा मार."

त्याने दहा वेळा मारलं. दहाही वेळा नाक्याने अडवलं.

सर्जेराव पाचव्यांदा बसला. रूपाने घड्याळ लावलं.

"उतरलं, ताई. चालू पण झालं. बागेचा नकाशा दिसायलाय."

सहा मेगाबाईट. अकरा सेकंद.