शेवटी सत्तेचाळीस

दहाव्याचं आटोपून माणसं नदीवरून परतली, तसा झुंबरआत्यानं पदर खोचला आणि धाकट्या भावाचं कुसगावचं दोन खोल्यांचं घर धुवायला काढलं. सुतक फिटलं की घरातली एकही वस्तू पाण्यावाचून राहता कामा नये, हा तिचा नेम. भांडी राखेनं घासून झाली, वाकळा भिजल्या, देवांच्या तसबिरी पुसून उन्हात टेकल्या. शेवटी टेबलाखालचा कॉम्प्युटरचा काळा डबा राहिला. तोही तिनं साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काथ्यानं चारी बाजूंनी घासला.

त्या भावाची मुलगी अनिता दारात उभी राहून ते पाहत होती. आपल्या हातून यातलं काहीच झालं नसतं, आत्या आहे म्हणून निभावतंय, एवढंच तिच्या मनात आलं. डब्याच्या कडेला एक चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बारीक छापलेली पंचवीस अक्षरं होती, हे तिला दोन महिन्यांनी कळलं.

श्रावण संपत आला होता. अनिता पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. शनिवार-रविवार जोडून दोन दिवसांची रजा काढून ती घर आवरायला आली होती, तेव्हा तिनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. काही झालं नाही. इकडच्या पावसाळ्यात बंद घरात चपलांनाही बुरशी येते. लोणावळ्यातल्या दुकानात गोरखनं डबा उघडला आणि सांगितलं, ओलीनं मदरबोर्ड गेलाय. तो त्यानं बदलला, विंडोज नव्यानं टाकलं. अण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, फायली दुसऱ्या डिस्कवर होत्या, त्या शाबूत राहिल्या.

"फक्त विंडोजची की लागेल, ताई, पंचवीस अक्षरांची. बोर्ड बदलला म्हणजे त्याच्या लेखी हा दुसराच कॉम्प्युटर. कडेला स्टिकर असेल बघा."

दोघांनी डबा फिरवला. पांढरा चौकोन होता. त्यावर अक्षर म्हणावं असं एकही उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी अनितानं आत्याला फोन केला होता. "सगळंच कशाला धुवायचं असतं गं?" ती म्हणाली होती.

"सुतकाचं घर व्हतं, बाय."

"सुतक होतं, मळ नव्हता. अण्णांचं जपून ठेवण्यासारखं एवढं एक होतं, तेही पुसून टाकलंस."

अण्णा गेल्यापासून आत्या आपल्या गावाहून, वडिवळ्याहून, रोज दिवेलागणीला फोन करून अनिताला 'जेवलीस का' असं विचारत असे. त्या दिवसापासून तो फोन थांबला. अनितानंही केला नाही. आत्यापलीकडे तिला विचारणारं आता कुणी नव्हतं, तरीही केला नाही.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली आणि दुरुस्त झालेला डबा घरी आणून टेबलावर मांडला. सगळं चालत होतं. फक्त पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, फिकट अक्षरांत एक ओळ येऊन बसली होती: विंडोज अॅक्टिव्हेट करा. फाइल उघडली तरी ती ओळ वरून दिसतच राही.

"कोण बघतंय ताई, क्रॅक मारून देतो," गोरखनं दुकानातच सांगितलं होतं. "दोन मिनिटांचं काम. आख्ख्या बाजारपेठेत तेच आहे."

"अण्णांनी विकत घेतलं होतं."

"माहीत आहे ना. मीच दिलं होतं. काका, फुकट मिळतंय ते घ्या म्हटलं, तर मलाच झापलं."

अण्णा, म्हणजे अंबाजी, तीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. चिठ्ठीशिवाय तिथून बोल्टही बाहेर गेला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा कॉम्प्युटर घेतला आणि गावाचे सातबारे, लाइटबिलं, पेन्शनचे हयातीचे दाखले त्यावर फुकट काढून द्यायला लागले. खऱ्या विंडोजला पैसे मोजले म्हणून गावानं त्यांना हसून घेतलं. त्यावर ते म्हणाले होते, "लोकांचे कागद ठेवायचे, आणि कुलूप चोरीचं लावू?"

तेव्हा आता क्रॅक मारणं शक्य नव्हतं. रविवारी दुपारी घराला कुलूप लावून ती पुण्याला जाणार होती, ती थेट दिवाळीला परतणार. कोपऱ्यातली ती ओळ तशीच ठेवून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. तो कॉम्प्युटर अण्णांचा होता. त्यानं तसं एकदा म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

ती दुकानातून निघताना गोरखनं एक वाट सांगितली होती. काकांनी परवाना आपल्या ईमेलच्या खात्याला जोडला असेल, तर त्या खात्यानं आत शिरायचं, 'हार्डवेअर बदललं आहे' हा पर्याय निवडायचा, यादीतून हाच कॉम्प्युटर दाखवायचा. चालून गेलं तर गेलं.

शनिवारी दुपारी ती बसली. बाहेर रस्त्यावर पावसाळी सहलीला आलेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि हॉर्न थांबत नव्हते. खात्याचा पत्ता तिला ठाऊक होता. पासवर्ड नव्हता. तिनं आईचं नाव टाकलं. गावाचं टाकलं. स्वतःची जन्मतारीख टाकताना तिला थोडी लाज वाटली, तीही चालली नाही.

पासवर्ड विसरलात का, पडद्यानं विचारलं. मग सांगितलं की एक कोड पाठवता येईल, ज्या मोबाइलच्या शेवटी ४७ आहे त्यावर. खात्री म्हणून शेवटचे चार आकडे लिहा.

अनिताच्या नंबराच्या शेवटी त्रेसष्ट होते. तरी तिनं आपला नंबर एकदा मनात म्हणून पाहिला. अण्णांच्या नंबराच्या शेवटी शून्य आठ, आणि तो तर तिनंच, मृत्यूचा दाखला दाखवून, बंद करून टाकला होता. तिनं फोनमधली नावं एकेक करून खाली सरकवली. सत्तेचाळीस झुंबरआत्याचा निघाला.

ती उठली, पाणी प्याली, परत बसली. मग फोन लावला.

"बोल," आत्या म्हणाली.

"आत्या, मी अनिता."

"आवाज कळतोय की. कोन आजारी हाय का?"

"नाही. तू कुठं आहेस?"

"खाचराच्या बांदावर. म्हशीला गवत कापती."

"तुझ्या फोनवर एक मेसेज येईल. त्यात आकडे असतील..."

"सा आकडे. ठावं हाय. अंबूचं यायचं की."

"कधीपासून?"

"लय दिस. दोन-तीन महिन्यांनी यायचा. मंग फोन करायचा, आक्का, आला का बघ. शाळा न्हाई शिकली मी, पर आकडं येत्यात मला. यष्टीचा नंबर वाचती."

"पण त्यांनी तुझा नंबर का दिला होता?"

"आदी तुजाच व्हता. यकदा त्यानं फोन केला, तवा तू उचलला न्हाईस. परीक्षा का काय व्हती तुजी."

"माझी नाही गं. कॉलेजची."

"त्येच. मंग म्हणला, पोर कामात आसती, तिला कशाला तरास. आक्का काय, बांदावरच बसल्याली." आणि आत्या जराशी हसली.

अनिताला तो दिवस आठवला. काउंटरवर रांग होती आणि फोन खणात थरथरत होता. संध्याकाळी तिनं उलटा फोन केला, तर अण्णा म्हणाले होते, काही नाही, झालं काम. मग पावसाचं विचारलं होतं.

तिनं चार आकडे टाकले आणि 'पाठवा' दाबलं. पलीकडे टुण् असा आवाज आला.

"आला," आत्या म्हणाली.

"वाच."

विळ्याचा आवाज थांबला होता.

"अनू, त्यो कुणाला सांगायचा न्हाई."

"काय?"

"अंबूनं गळ्याची शपथ घातलीया. ब्यांकेतनं बोलतो म्हणला तरी न्हाई, मोटा साहेब आसला तरी न्हाई. म्हणला, माझ्याबिगर कुणाला सांगायचा न्हाई. वडिवळ्यात दोघांचं पैसं गेलं आसं नंबर सांगून."

"आत्या, मी आहे."

"तू हायेस. मला काय कळत न्हाई व्हय? पर माझ्याबिगर म्हणला त्यो. माझी लेक सोडून, आसं न्हाई म्हणला."

कोड दहा मिनिटं चालेल, असं पडद्यावर लिहिलं होतं. अनिता वाद घालू शकली असती. तिच्याकडे मुद्दे होते, वारस म्हणून तिच्या नावाचे कागदही होते. पण याआधी एकदा ती आत्याशी बरोबर मुद्द्याचं बोलली होती, आणि त्याचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "नको सांगू."

पलीकडे खाचरातून खाचरात उतरणारं पाणी ऐकू येत होतं.

"त्यो तर आता इचारायचा न्हाई," आत्या म्हणाली. आवाज मोठा नव्हता, जणू म्हशीशीच बोलत होती. "मंग ह्यो आला कशाला? आता कुणाला सांगायचा म्या?"

अनिताची नजर पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनावर गेली.

"लिवून घे," आत्या म्हणाली. "पाच. शून्य. नऊ. परत नऊ. दोन. चार. आता तू म्हण. त्यो माघारी म्हणायचा, मंग म्या व्हय म्हणायची."

"पाच, शून्य, नऊ, नऊ, दोन, चार."

"व्हय."

खातं उघडलं. नवा पासवर्ड ठेवून तिनं 'हार्डवेअर बदललं आहे' निवडलं. यादी आली. तिच्यात एकच नाव होतं, इंग्रजी अक्षरांत, अंबाजी कुसगाव. तिनं त्यापुढे खूण केली: मी आत्ता हाच वापरत आहे. पडद्यावर बारके ठिपके थोडा वेळ गोल फिरले आणि थांबले. कोपऱ्यातली ओळ गेली.

"आत्या, त्या दिवशी मी बोलले ते..."

"ते ऱ्हाऊ दे. झालं का?"

"झालं."

"झालं न्हवं? मंग बास. जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेव."

आत्यानं फोन कमरेच्या बटव्यात ठेवला असावा. आवाज दबल्यासारखा झाला, पण बंद झाला नाही. फोन बंद करणं हे ती आपलं काम समजतच नसे, ते पलीकडच्यानं करायचं. विळा पुन्हा सुरू झाला. गवत कापलं जात होतं, मधेच चिखलातून पाय उपसल्याचा आवाज येई. ती कुणालातरी हाड म्हणाली. मग बराच वेळ नुसता विळा.

अनितानं फोन टेबलावर कॉम्प्युटरशेजारी ठेवला, आवाज मोठा केला, आणि तशीच बसून राहिली.