माझ्या अंगावरच्या पाण्याच्या खाचा

मित्रांनो, मी ऐनाच्या लाकडाचा खांब आहे. जुना आहे, पण अजून टाकाऊ झालेलो नाही. पोलादपूरहून महाडला येताना रस्त्याच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठाशी एक कौलारू घर आहे. त्या घराच्या माजघरात मी उभा आहे. आढ्याचं ओझं माझ्या डोक्यावर आहे.

खांबाने स्वस्थ उभं राहावं, अशी रीत आहे. मला ते जमत नाही. वर घाटात पाऊस धरला, की माझ्या पायाखालची जमीन आधी गार पडते. घरची माणसं भात कालवत असतात, आणि मी मात्र पाण्याची चाहूल घेत असतो. पुष्कळदा काही होत नाही. पण काही होणार नाही, असं मला कुणी सांगू शकत नाही.

माझा जन्म आंबेनळी घाटाच्या बाजूच्या रानातला. या घराचे मालक मालोजी, त्यांच्या आजोबांनी मला तोडून बैलांकरवी खाली आणलं. कीड लागू नये म्हणून त्यांनी मला उन्हाळ्यात नदीच्या डोहात बुडवून ठेवलं. पाऊस तोंडावर आला, तेव्हा बाहेर काढलं. म्हणजे नदीशी माझी ओळख घराच्याही आधीची. मग चांगला दिवस बघून मला उभं केलं. पायाखाली तांब्याचा पैसा ठेवला, अंगाला हळदकुंकू लावलं.

या घरात एक रिवाज आहे. नदीचं पाणी घरात शिरून ओसरलं, की चिखल काढायचा, आणि चूल पेटवायच्या आधी पाणी जिथवर आलं होतं तिथे माझ्या अंगावर कोयतीने खाच मारायची. पहिली खाच आजोबांनी मारली. ती माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर होती. दुसरी मालोजींच्या वडिलांची, मांडीपाशी. तिसरी दोन हजार पाच सालची, कमरेच्या वर. ती मालोजींनी स्वतः मारली.

मालोजी शाळेत गेले नाहीत. त्यांची बायको ठमाबाई चाळिशीत गेल्यावर गावातल्या बायकांच्या वर्गात अक्षरं शिकली. तिसऱ्या खाचेशेजारी तिने खिळ्याने साल कोरलं. शेवटचा पाच उलटा पडला. वर्गात पाटीवर पुसता येत होतं, लाकडावर येईना. तो तसाच राहिला. मला तो फार आवडतो. माझ्या अंगावरचं ते पहिलं अक्षर.

त्यांचा मुलगा ओंकार तेव्हा लहान होता. दर दिवाळीला तो माझ्याशी पाठ लावून उभा राहायचा आणि विचारायचा, "आये, मी पाण्यापेक्षा मोठा झालो काय?" एका वर्षी तो खरोखरच त्या खाचेच्या वर गेला. घरात गूळ वाटला. पाहुणे आले की माझ्यावर हात फिरवून म्हणत, असला खांब आता बघायला मिळत नाही. ते माझे चांगले दिवस.

पुढे ओंकार पुण्याला कंपनीत लागला. मला वर्षाला तेल लावायचे, ते दोन वर्षांवर गेलं, मग बंद पडलं. माझ्या अंगात खिळा ठोकून कॅलेंडर लावलं. मोबाईलची वायर माझ्याभोवती गुंडाळली. एका बाजूने वाळवी चढू लागली, ती केरसुणीने झाडली की झालं. मी कुरकुर केली नाही. पण मला कुणी बघतच नव्हतं.

दोन हजार एकवीसच्या पुरात पाणी ओंकारच्या छातीएवढं चढलं. मालोजी आणि ठमाबाई दीड दिवस माळ्यावर बसून होते. मी खाली पाण्यात उभा होतो. चिखल निघाला, चौथी खाच पडली, आणि ठमाबाईने साल कोरलं. या वेळी एकही आकडा उलटा नव्हता.

त्यानंतर ओंकार सुट्टी काढून आला. त्याने सरळ सांगितलं, की एक तर घराचा विमा काढायचा, नाहीतर शिमग्यानंतर जेसीबी लावून घर पाडायचं आणि वर रस्त्यालगत स्लॅबचं बांधायचं. दर पावसाळ्यात पुण्यात बसून जीव मुठीत धरणं त्याला नको होतं. त्याचंही खरं होतं. पण ठमाबाईच्या तोंडचा घास तसाच राहिला. मीही ऐकत होतो. घर गेलं तर मी कुणाच्या तरी चुलीत जाणार होतो.

विम्याच्या एजंटाने ओंकारला फोनवर सांगितलं, की जुनं घर, मातीच्या भिंती, त्यात पुराच्या खुणा दिसल्या तर कंपनी हात वर करील. तपासणीला माणूस येण्याआधी घर जरा नीटनेटकं दिसू द्या. मालोजींनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. कितीतरी वर्षांनी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि मला ते बघणं आवडलं नाही.

ठमाबाई बहिणीकडे शिवथरला हळदीला गेली होती. तो दिवस साधून मालोजींनी महादू सुताराला बोलावलं. महादूने खाचांवरून अंगठा फिरवला आणि तो हसला.

"मालोजीदा, म्हातारी म्हस शिंगं घासून, तेल लावून बाजारात न्यायची म्हणतोस व्हय?"

"तू घास. बोलू नकोस."

महादूने रंधा लावला. मित्रांनो, दुखलं असं मी म्हणणार नाही. पण आजोबांची खाच भुश्शासारखी जमिनीवर पडली आणि तिथली जागा कोवळ्या लाकडासारखी उघडी पडली. दुसऱ्या खाचेपाशी महादू रंध्याचं पातं पाजळायला थांबला. जुना ऐन दगडासारखा असतो. तेवढ्यात ठमाबाई पिशवी घेऊन दारात आली. बहिणीच्या गावाहून लवकरची गाडी मिळाली होती.

ती ओरडली नाही. खाली बसली आणि भुसा पदरात गोळा करू लागली.

"ही आजेसासऱ्यांची खाच," ती म्हणाली. "पानी आपल्या घरात शिरलं व्हतं. आपण कुनाच्या घरात शिरलो नव्हतो. मग लपवायचं कशाला?"

"घर ऱ्हावं म्हणून करतोय गो," मालोजी म्हणाले.

"ठावं हाय मला."

महादूने रंधा पिशवीत घातला आणि चहा न घेताच गेला. मालोजींनी उरलेल्या खाचांवर आपली घोंगडी टांगली. ठमाबाईने ती काढली नाही, आणि चांगलं केलंत असंही म्हणाली नाही. ते चार दिवस मी घोंगडीखाली काढले. आत अंधार, बाहेर सगळ्यांची पावलं. कोण माझ्या बाजूचं आहे, हेच मला कळत नव्हतं.

तपासणीला महाडहून श्रुतिका नावाची मुलगी स्कूटरवर आली. तिने भिंती ठोकून बघितल्या, माळ्यावर चढून वासे बघितले, कौलांचे फोटो काढले. ओंकार तिच्यामागून वही धरून फिरत होता. माजघरात येऊन तिने मालोजींना विचारलं, की पुराचं पाणी कुठवर आलं होतं.

"अंगणापतोर," मालोजी म्हणाले.

ओंकारने मान खाली घातली. श्रुतिका लिहू लागली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी चार पूर पाहिले, पण त्या पेनाच्या आवाजाइतकी धास्ती मी कधी घेतली नव्हती. खोटं लिहिलं गेलं तर घर राहील आणि त्याच्यासोबत मीही राहीन. खरं लिहिलं गेलं तर कदाचित दोघंही जाऊ. खरं सांगायचं तर, क्षणभर मलाही ती घोंगडी अंगावर असावीशी वाटली.

ठमाबाईने चहाची कपबशी खाली ठेवली. पुढे आली, घोंगडी ओढली आणि खांद्यावर टाकली.

"हे वाच, बाय. मी लिवलंय."

श्रुतिका वाकून वाचू लागली. मग तिने टेप काढून जमिनीपासून एकेक खाच मोजली. तिसऱ्या खाचेपाशी थांबली.

"हा पाच उलटा का?"

"तवा नवी नवी शिकत व्हते."

दोघी हसल्या. मग ठमाबाईने गुळगुळीत जागेवर बोट ठेवलं.

"आन् हितं एक व्हती. चार दिसांमागं घासली. आमच्याच मानसांनी."

मालोजी अंगणाकडे बघत राहिले. श्रुतिकाने आधी लिहिलेली ओळ खोडली. ती मालोजींच्या शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, अंगणापर्यंत असं लिहिलं असतं, तर विमा निघालाही असता. हप्ताही कमी बसला असता. पण पुढे पाणी आलं असतं, तेव्हा दुसरा कुणी हाच खांब बघायला आला असता. मग तुम्हाला काहीच मिळालं नसतं."

"आता तरी मिळंल काय?"

"ते माझ्या हातात नाही. चार पुरांत घर उभं राहिलं, हे मात्र मी लिहिते."

जाताना तिने आणखी एक कागद मागितला. हे घर पडलं तर असंच पुन्हा उभं करायला काय लागेल, ते सुताराकडून लिहून हवं होतं. जुन्या घराला बाजारभाव लावून चालत नाही, असं तिचं म्हणणं. महादू आला. या वेळी रंधा न आणता आला. वाशांचं, दारांचं लिहून झालं आणि माझ्यापाशी येऊन तो अडला. म्हणाला, असला ऐन आता मिळत नाय, काय लिवू? ठमाबाई म्हणाली, तसंच लिव.

मग वाट बघणं आलं. पोस्टमनची गाडी वाजली की मालोजी उठायचे. शिमगा झाला. शेजारच्या गावात जेसीबी आला, त्याचा आवाज दिवसभर माझ्या पायात घुमत राहिला. तो आमच्यासाठी आला नव्हता, हे संध्याकाळी कळलं.

वैशाखात कागद आला. विमा मंजूर होता, पण अटी होत्या. मागच्या भिंतीला खालून दगडी जोतं घ्यायचं. विजेचं मीटर आणि भाताच्या गोणी सर्वांत वरच्या खाचेच्या वर ठेवायच्या. दरवर्षी पावसाआधी कौलं चाळायची, फुटकी बदलायची, लाकडाला तेल द्यायचं. ओंकारने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "यांनी तर पणजोबांच्याच रीती लिहून पाठवल्यात." जेसीबीची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. माझ्या अंगाला तेल लागलं. वाळवी गेली.

गेल्या श्रावणात पाणी पुन्हा घरात आलं. गुडघ्यापर्यंतच आलं, पण मागच्या भिंतीचा कोपरा खचला. श्रुतिका पुन्हा आली, फोटो काढून गेली, आणि भिंतीपुरते पैसे कुरकुर न करता आले. पण मी सांगतो ते त्याच्या आधलं.

चिखल निघाला होता, चूल अजून पेटली नव्हती. मालोजींनी कोयती घेतली आणि महादूने घासलेल्या जागेवर खाच मारली. आजोबांच्या जागेवर नाही, दोन बोटं खाली. मग खिळा ठमाबाईपुढे धरला.

"साल लिव."

"या येळी तुमी लिवा. मी हात धरते."

सत्तरी उलटलेल्या मालोजींनी लिहायला पहिल्यांदाच हात पुढे केला. ठमाबाईने तो धरला. चार आकडे काढायला दोघांना बराच वेळ लागला. दुसरा आकडा तिसऱ्यावर चढला. मग तिने चूल पेटवली.

मित्रांनो, विम्याने भिंत परत बांधून दिली. त्याने नदी अडवली नाही, आणि माझी धास्तीही गेलेली नाही. म्हणून मागणं एवढंच, की तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी जुना उभा असेल, तर त्याला वर्षातून एकदा तेल द्या. आणि त्याच्या अंगावर जे लिहिलं असेल ते घासू नका, झाकू नका. येणाऱ्याला दाखवा.

सर्वांत वरच्या खाचेपासून आढ्यापर्यंत माझं अंग अजून कोरं आहे. घाटात पाऊस लागला की मालोजी तिथे हात ठेवून उभे राहतात. मीही त्या जागेचाच विचार करत असतो. ती कोरीच राहू दे.