वसुधाताईची इंद्रायणी

कॅसेट फिरू लागली की आधी एक लांबलचक शीळ निघायची आणि मग पत्र्यावर गारा कोसळाव्यात तसा कर्कश खडखडाट. जुन्या टीव्हीच्या कडांवरून निळे-पिवळे पट्टे धावू लागायचे आणि त्यांचा उजेड माझ्या थोरल्या बहिणीच्या, वसुधाताईच्या, चष्म्यावर थरथरत राहायचा. आम्ही कानांवर हात ठेवायचो. ती मात्र डोळे मिटून ऐकायची.

काळेवाडीतल्या आमच्या मागच्या खोलीत टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम वाचणारा जुना घरगुती संगणक होता. आज फोनवर काढलेला एक फोटोही मावणार नाही इतकी तोकडी त्याची स्मृती. पण जगभर विखुरलेल्या काही वेड्या माणसांसारखी ताई त्या तोकडेपणातच चित्र, गती आणि संगीत बसवत असे. त्याला डेमो म्हणतात. तो खेळायचा नसतो, त्याने कुठलं काम साधत नाही. तो नुसता पाहायचा असतो, संध्याकाळचं आभाळ पाहावं तसा.

संगीत सलीमभाईंचं. चाकणच्या ज्या कंपनीत ताई नोकरीला होती, तिथेच ते यंत्रांच्या दुरुस्तीला होते. एका वेळी तीनच स्वर काढू शकणाऱ्या त्या संगणकाच्या डबीकडून ते असं काही आर्त वाजवून घ्यायचे की स्वयंपाकघरात आईचा हात थबकायचा. रविवारी सकाळी ते कुरुळीहून यायचे. दोघं बोलत फार कमी. तिची बोटं कळफलकावर, त्यांची मांडीवर ताल धरलेली, आणि खिडकीतलं कोवळं ऊन हळूहळू दोघांच्या मधून सरकत भिंतीवर चढलेलं.

त्या हिवाळ्यात त्यांनी इंद्रायणी मनावर घेतली होती. देहूच्या घाटावर सकाळी पाण्यावर जो उजेड हलतो, तो मोजक्या रंगांत उतरवायचा. पाणी साधलं होतं, धून आकार घेत होती, आणि सलीमभाई छातीत कळ येऊन गेले.

ताईने संगणकावर चादर टाकली. उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी, नसरीनभाभी, एक कॅसेट घेऊन आल्या. "ताई, यात त्यांचं काहीतरी राहिलंय. मला उघडता येत नाही."

धून निम्मीच होती. चढत चढत जाणारी, आणि एका स्वराशी तुटलेली. ताईने पुढचे स्वर स्वतः लिहून पाहिले, वाजवले, पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. मी म्हटलं, "अगं, हल्ली सॉफ्टवेअरसुद्धा पुढची धून करून देईल."

"देईल ना," ती म्हणाली. "पण ते सलीमभाईंचं नसेल."

पावसाळा सरल्यावर चिंचवडच्या एका लहानशा सभागृहात जुन्या संगणकांच्या शौकिनांचा मेळा भरला. ताई इंद्रायणी घेऊन गेली; भाभींना मी सोबत नेलं. अंधारात पडद्यावर पाणी उमटलं, चौकोनी ठिपक्यांचं आणि तरीही ओलं. धून चढू लागली, उजेड तिच्या लयीत हलू लागला, आणि ऐन चढावर स्वर थांबले. पाणी निःशब्द वाहत राहिलं.

"हँग झालं राव," मागून कुणी पुटपुटलं.

ताई उभी राहिली. "हँग नाही झालं. सलीमभाईंनी इथवर दिलंय. पुढे नुसतं पाणी आहे."

पदराचं टोक ओठांशी धरून भाभी पडद्याकडे पाहत होत्या. कितीतरी वेळाने त्या हसल्या, डोळे भरलेले असतानाच. "असेच थांबायचे ते, ऐन मध्येच. म्हणायचे, जरा चहा टाक, मग बघू पुढचं."

ताईने त्यांचा हात हातात घेतला, आणि दोघी ते पाणी पाहत बसल्या.

परत येणाऱ्याची वाट पाहता येते. न येणाऱ्यासाठी जागा नुसती मोकळी ठेवावी लागते, आणि काळ भोवतीने वाहत असताना ती कुणी भरून टाकू नये म्हणून आठवण तिच्या काठाशी बसून राहते.