रिकाम्या गाडीचे वजन

"अनलिमिटेड म्हणल्यार कितें, तें म्हाका एकदां समजावन सांग," असे म्हणून गोकुळदासांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. चष्मा काढला की हा माणूस अर्धा तास हलत नाही, हे डिचोली बाजारातल्या त्या ब्रॉडबँडच्या ऑफिसात बसणाऱ्या शीतलला आता पाठ झाले होते. तीन महिन्यांतली ही त्यांची पाचवी खेप.

"काका, अनलिमिटेडच आसा. फकत दोनशें जीबी जाले काय स्पीड कमी जाता."

"म्हणल्यार लिमिट आसा."

"लिमिट ना काका. स्पीड कमी जाता."

"गाडी चालू आसा, पूण चाकां घुंवनात. तिका तूं गाडी म्हणटली?"

शीतल हसली. "वयलो प्लॅन घेयात मरे. म्हयन्याक तीनशें रुपया चड."

"आदीं म्हाका सांग, आमी घरांत दोनूच मनशां. वीस दिसांनी दोनशें जीबी खाता कोण?"

"तें म्हाका कशें कळटलें? कोणाक तरी पासवर्ड दिल्लो आसतलो तुमी."

शीतलने हे सहज म्हटले, आणि गोकुळदासांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी चष्मा लावला, छत्री उचलली आणि ते मुळगावच्या घरी जाणाऱ्या बसची वाट बघत उभे राहिले. कंपनी लबाड आहे याबद्दल त्यांना शंका नव्हतीच. पण कंपनीच्या जोडीला आणखी कोणीतरी आहे, हे त्यांना आज नव्याने कळले होते.

एकतीस वर्षे ते खाणीच्या काट्यावर कारकून होते. भरलेला ट्रक काट्यावर आला की वजन लिहायचे, रिकामा होऊन परतला की पुन्हा वजन लिहायचे. रिकाम्या गाडीचे वजन म्हणजे टेर. भरल्यातून टेर वजा केला की उरते ते नेट, म्हणजे खनिजाचे निव्वळ वजन. नेट हा शब्द त्यांनी आयुष्यभर या एकाच अर्थाने वापरला, आणि घरात हे दुसरे नेट आले तेव्हा त्याच्याकडेही ते त्याच नजरेने बघू लागले. ड्रायव्हर लोक काय कमी होते? टेर काढायच्या आधी स्टेपनी आणि जॅक उतरवून झुडपात लपवायचे, म्हणजे रिकामी गाडी हलकी भरते आणि नेट फुगते. गोकुळदास केबिनमधून उतरत, गाडीला फेरी मारत, झुडपात शिरत आणि स्टेपनी लोळवत घेऊन येत. तिकडे संशयाला दुबाव म्हणतात. ड्रायव्हरांनी त्यांचे नाव 'दुबावी बाब' ठेवले आणि गोकुळदासांनी ते पदवीसारखे मिरवले. पुढे खाण बंद पडली, काटा गंजून गेला, दुबाव तेवढा शाबूत राहिला.

पहिला दुबाव गेला तो शेजारच्या रघुनाथवर. त्याचा मुलगा गौरेश रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आला की कुंपणाला टेकून मोबाइलवर क्रिकेट बघायचा.

"रघुनाथबाब, तुमचो गौरेश आमच्या वंयीलागींच कित्याक उबो रावता?"

"थंय बरी रेंज मेळटा म्हणून."

"कोणाची रेंज?"

रघुनाथला रोख कळला. मग तो सावकाश म्हणाला, "गोकुळदासबाब, चाळीस वर्सां तुमी आमच्या बांयचें उदक व्हरतात. आमी केन्ना मेजूंक ना."

त्या दिवसापासून रघुनाथचे बोलणे बंद झाले. गोकुळदासांनी पासवर्ड दोनदा बदलला. तरी एकोणीस तारखेला फोनवर मेसेज आलाच, की आपली डेटा मर्यादा संपली आहे. अनलिमिटेडची मर्यादा! त्यांनी तो मेसेज बायकोला, सत्यवतीला, मोठ्याने दोनदा वाचून दाखवला.

सत्यवतीने हातातली सुरी खाली ठेवली. "आयकलें? वयलो प्लॅन घेवया मरे."

गोकुळदास चमकले. लग्नाला छत्तीस वर्षे झाली, पण बायकोने तोंड उघडून काही मागितल्याचे त्यांना आठवत नव्हते. मुलीचे स्थळ ठरवतानासुद्धा ती काही बोलली नव्हती. सुविधासाठी पाच स्थळे गोकुळदासांनी परत पाठवली. कोणाचा पगार दर वेळी वेगळा सांगितला जाई, कोणाची जमीन कागदावर सापडत नसे. सहावा सावंतवाडीचा निलेश. इलेक्ट्रिक सामानाचे स्वतःचे दुकान, बाजारात सगळे नाव काढणारे, स्वभावाने गरीब. गोकुळदास तीन वेळा जाऊन चौकशी करून आले आणि कुठेही खोट सापडली नाही. दोन वर्षांपूर्वी लग्न झाले. त्या जावयाबद्दल ते फार अभिमानाने बोलत.

"कंपनीचीं मनशां तुकाय फोन करतात कितें?" त्यांनी बायकोला विचारले.

सत्यवती सुरी उचलून आत गेली. आत म्हणजे मागच्या स्वयंपाकघरात. गोकुळदासांचा सारा दिवस पुढच्या बलकांवात, दारापुढच्या ओसरीवर, जाई, रस्ता आणि कुंपण नजरेखाली ठेवून. आत काय चालते याच्याशी त्यांना कधी कर्तव्य नव्हते. दुपारी मायलेकी फोनवर बोलतात एवढे त्यांना ठाऊक होते.

पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला, मंगळवारी, चहा पिताना त्यांनी जाहीर केले, "आयज टेर काडपाचो."

बेत सोपा होता. घरातले सगळे बंद करायचे आणि नेट तेवढे चालू ठेवायचे. दहा ते चार कोणी काही वापरायचे नाही. चार वाजता डेटाचा आकडा वाढलेला दिसला, की चोर कुंपणापलीकडे आहे हे सिद्ध झाले. त्यांनी टीव्हीची वायर काढली. सत्यवतीचा फोन घेतला, बंद केला आणि कपाटात ठेवला. आकडा बघायला स्वतःचा फोन तेवढा ठेवला, तोही आपल्या सिमकार्डावर.

"म्हजो फोन रावूं दी," सत्यवती म्हणाली. "दनपारां सुविधा वाट पळयता."

"चार वरांनी कर."

"चार वरांनी नाका. एक ते दोन, तितलोच वेळ दी."

"एक दिस उलोवंक ना म्हणून कितें जाता? आनी रोज उलयतात तरी कितें तुमी?"

त्यांनी कपाटाला कुलूप घातले आणि चावी खिशात टाकली. सत्यवती कपाटासमोर थोडा वेळ उभी राहिली. दुपारी तिने त्यांना वाढले, पण स्वतः जेवली नाही. एक वाजल्यापासून ती आतबाहेर करत होती. एकदा रघुनाथच्या घराकडे निघाली, कुंपणापर्यंत जाऊन परत आली. आता तिथे कुठल्या तोंडाने फोन मागणार? गोकुळदास हे सगळे बलकांवातून बघत होते. कुठेतरी पाणी मुरते आहे खास, असे त्यांना वाटले, आणि इतक्या दिवसांनी एक खरी स्टेपनी हाताला लागणार म्हणून ते मनातून खूशही झाले.

चार वाजता त्यांनी आकडा बघितला. सकाळी होता तोच. रत्तीभर वाढला नव्हता.

म्हणजे रघुनाथ सुटला. मग चोर घरातच आहे. ते आत आले आणि काट्यावरच्या जुन्या आवाजात म्हणाले, "सत्यवती, नेट तूं खाता!"

सत्यवतीने हात पुढे केला. "चावी दी."

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा तसेच, तिसऱ्यांदाही तसेच. चौथ्या वेळी उचलला, पण चित्र नव्हते. काळ्या पडद्यातून सुविधाचा आवाज आला, "आई, आयज कॅमेरो नाका. नेट ना हांगा."

गोकुळदासांनी फोन बायकोच्या हातातून घेतला. "सुविधा, आमचे कडेन नेट भरपूर आसा. आयज आमी एक थेंब वापरूंक ना. कॅमेरो लाय पळोवया."

बराच वेळ काही झाले नाही. मग चित्र आले. मुलीचा खालचा ओठ सुजला होता. डाव्या डोळ्याखाली काळेनिळे झाले होते. ती पदराने ते झाकायचा प्रयत्न करत होती आणि झाकले जात नव्हते.

फोन ठेवल्यावर सत्यवतीने उभ्या उभ्याच सांगितले. आठ महिने हे चालले होते. निलेश दुपारी दुकानातून जेवायला येतो. मीठ, पाणी, हात उचलायला काहीही कारण पुरते. एकदा सुविधाचा फोन मांडणीवर चालूच राहिला होता आणि त्यात सासूचा चेहरा बघून त्याने उगारलेला हात खाली घेतला. तेव्हापासून सकाळची कामे आटोपली, की दोघी फोन लावून ठेवत आणि संध्याकाळपर्यंत काढत नसत.

"कितें उलोवचें अशें न्हय," सत्यवती म्हणाली. "हांव हांगा भाजी चिरतां, ती थंय चिरता. फकत म्हजें तोंड ताका दिसत रावपाक जाय. वीस तारखे उपरांत नेट आडकता. म्हजें तोंड थंय तशेंच थारता. ताका तें कळटा."

"म्हाका कित्याक सांगलें ना तूंवें?"

"तूंवें पयलीं तिचेरच दुबाव घेतलो आसतो."

ते खरे होते. चतुर्थीला सुविधा आली ती चार दिवस जास्त राहिली होती, तेव्हा त्यांनीच तिला विचारले होते, की तुझेच काहीतरी चुकले असेल ना? ती दुसऱ्या दिवशी सकाळीच परत गेली होती. जगातल्या प्रत्येक माणसाच्या गाडीला त्यांनी फेरी मारली, आणि स्वतः निवडलेल्या माणसाला तेवढे सरळ आत सोडले. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी, की बायकोसमोर उभे राहवेना. ते मागच्या दारी जाऊन दगडी पायरीवर बसले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ते दोडामार्गावरून सावंतवाडीला गेले. साडेनऊला निलेशने दार उघडले तेव्हा त्याच्या हातात दुकानाच्या किल्ल्या होत्या.

"अवो बाबा! कळवूचा नाय? मी स्टँडार इलो असतंय." तो वाकून पाया पडू लागला. गोकुळदास मागे सरले. त्याने ते बघितले आणि आवाज आणखी मऊ केला. "काल न्हाणीत घसारली ती. किती वेळा सांगितलंय, बघून चल म्हणान."

कुठे घसरली, कशी घसरली, पडताना हात टेकला का, मग ओठ कसा फुटला. एकतीस वर्षांचे सगळे प्रश्न गोकुळदासांच्या जिभेवर रांगेत उभे राहिले. त्यांनी एकही विचारला नाही.

"सुविधा, बॅग भर."

"बाबा, माझा आयका तरी. दोनय बाजू आयकाक होयत."

गोकुळदास दारात उभे होते ते तिथेच राहिले. बसले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. समोरच्या बिऱ्हाडाचे दार किलकिले झाले, तसा निलेश खिडकीकडे गेला आणि किल्ल्या वाजवत बसला. दहा मिनिटांत सुविधा बॅग घेऊन आली. गोकुळदासांनी बॅग तिच्या हातातून घेतली आणि तिला पुढे घालून जिना उतरले.

बसमध्ये त्यांनी डिचोलीची दोन तिकिटे काढली. बांदा मागे पडले. मग सुविधा खिडकीबाहेर बघत सांगू लागली, "बाबा, काल म्हजेंय थोडें चुकलें. तो उलयतालो तेन्ना हांवें परत उत्तर दिलें. आनी आदल्या फावट..."

"म्हाका पुरावो नाका गो," गोकुळदास म्हणाले.

ती थांबली. पदर तोंडाला लावून ती रडू लागली, आणि त्यांनी तिला रडू दिले. वळणावर बस फिरली तसे खिडकीतून ऊन आले आणि तिच्या चेहऱ्याच्या सुजलेल्या बाजूवर पडले. गोकुळदास उठले, तिला आपल्या जागेवर बसवले आणि स्वतः खिडकीजवळ उन्हात बसले.