टेबलाच्या पायाला झालेला करोना

साल दोन हजार वीस. मेलबर्नला टाळं लागलं होतं, चर्चलाही. म्हणून वेरिबी उपनगरातले आम्ही वसईकर रोज संध्याकाळी झूमवर रोझरीची प्रार्थना म्हणायचो. तिथेच नोएलने चमत्कार आणला. तो गाड्या विकायचा. गाड्या खपेनात, तेव्हा त्याने श्रद्धा विकायला काढली.

"चारशे वर्षांपूर्वी युरोपात हातोड्याने ठोकून पाडलेलं चांदीचं नाणं!" त्याने ते कॅमेऱ्यापुढे धरलं. वेडीवाकडी कड, मध्ये क्रूस, वर एक कोपरा तुटका. "प्लेगमध्ये याने गावंच्या गावं वाचवली. उकडलेलं गरम अंडं कुस्करा, त्यात नाणं ठेवा, फडक्यात बांधून छातीवर धरा. काळं पडलं की समजा, करोना बाहेर! विकत नाही हं, फक्त देणगी."

पोस्टाने घरोघरी नाणी आली आणि झाडून सगळी काळी पडली. आमेन!

माझा नवरा मानवेल तापाने फणफणला होता. बोलताना धाप लागत होती.

"अँब्युलन्स बोलावते," मी म्हटलं.

"वेडी आहेस का, फ्रेडा? नाणं बघ! केवढा निघालाय!"

"निघालाय, तर धापा कोण टाकतंय?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी नाणं घासायला घेतलं आणि वसईचं घर आठवलं. माझा बाप्तिस्म्याचा चांदीचा चमचा होता. ईस्टरला आई ओरडायची, "अंड्याला तो चमचा लावू नकोस गं, काळा ठिक्कर पडतो!"

नात एमा तेव्हा आमच्याकडेच होती. तिला हे सांगताच तिने लख्ख केलेलं नाणं अंड्यात घालून टेबलाच्या पायाला बांधलं. रोझरीच्या वेळी कॅमेऱ्यासमोर सोडलं. काळंकुट्ट!

"नोएल अंकल, द टेबल हॅज कोविड."

"टेबलावर कुणीतरी खोकलं असेल!"

"अंड्यात गंधक असतं," मी म्हटलं. "त्याने चांदी काळी पडते. आता सगळ्यांनी आपापली नाणी दाखवा."

चौकोनाचौकोनात नाणी वर झाली. सगळ्यांचा तोच कोपरा तुटका, तोच क्रूस वाकडा.

"नोएल, माझ्या हातच्या दोन भाकऱ्या सारख्या होत नाहीत. हाताने ठोकलेली ही सगळी नाणी एकाच जागी कशी तुटली? साच्यातली आहेत ही."

"नेट स्लो आहे..." म्हणत नोएल गायब झाला.

मानवेल टेबलाच्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बोलाव."

तो ऑक्सिजनवर राहून परत आला. आता नातवंडांना सांगतो, की नाण्यावर त्याचा कधी विश्वासच नव्हता. एमा इथेच क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकते. नोएल पुन्हा गाड्या विकतो, म्हणे एकेक खास आहे. टेबल ठणठणीत आहे.

चांदी काळी पडली, तर घासा. श्वास अडकला, तर डॉक्टरला बोलवा.