सातवी नस रुसली तेव्हा

मी एक जुना मेंदू आहे. दचकू नका मित्रांनो, खराखुरा नव्हे! कागदाचा लगदा आणि प्लॅस्टर यांचा मी बनलो आहे. पण ऐट म्हणाल तर खऱ्या मेंदूची.

पुण्याच्या एका कारागिराने मला साच्यातून काढलं आणि मन लावून रंगवलं. वळ्यावळ्यांचा मोठा मेंदू गुलाबी, त्याच्या मागे खाली दडलेला लहान मेंदू निळा आणि या सगळ्याला पेलणारा देठ पांढरा. देठाखाली मज्जारज्जूचा तुकडा लोंबतो. माझ्या बुडाशी रंगीत तारांच्या बारा जोड्या आहेत. याच त्या कवटीतून बाहेर पडणाऱ्या नसा. मग मला प्लॅस्टरच्या एका डोक्यात बसवलं. त्या डोक्याच्या डाव्या गालावर कातडी नाही, त्यामुळे कोणती नस कुठे जाते ते सरळ दिसतं. आहे की नाही गंमत?

असा मी नगरच्या एका नर्सिंग कॉलेजात आलो. काय दिवस होते ते! पाथर्डी-शेवगावकडच्या मुली माझ्याभोवती कोंडाळं करून बसायच्या आणि नसा घोकायच्या. पहिलीने वास कळतो, दुसरीने दिसतं. आठवीने ऐकू येतं आणि तोलही सावरतो. दहावी तर भलतीच भटकी, गळ्यातून उतरून थेट पोटापर्यंत जाते. "अगं बाई, एवढुशा डोक्यात एवढा पसारा!" असं एखादी म्हणाली की माझी छाती फुगायची. मला छाती नाही, हे मी त्या वेळी विसरायचो. खरं कौतुक त्या खऱ्या मेंदूचं. सव्वा-दीड किलोचा तो गोळा कवटीतल्या पाण्यात अलगद तरंगतो आणि त्याच्या जिवावर माणूस हसतो, रडतो, भाकरी थापतो, भांडतोही.

पुढे वर्गात मोठा पडदा आला. त्यावर मेंदू गरगर फिरायचा. मला कपाटावर चढवलं. माझ्या वळ्यांत धूळ साचली आणि पालीने अंडी घातली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तेव्हाही एकच बाई अधूनमधून मला पुसायच्या, त्या म्हणजे आमच्या मेहरीन मॅडम. याच कॉलेजात शिकून त्या इथेच शिकवू लागल्या होत्या.

एका सकाळी मॅडम आल्या, त्यांनी मला टॉवेलात गुंडाळलं आणि स्कूटीवर ठेवून तडक भिंगारला घरी नेलं.

मॅडमचे अब्बा, म्हणजे मोहियोद्दीनभाई, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्यांनी फुंक मारली की वरातीतले म्हातारेही नाचायला लागत. पण ऐन लग्नसराईत एका सकाळी चहाचा घोट त्यांच्या डाव्या ओठातून ओघळला आणि ट्रम्पेटमधून सुराऐवजी नुसती हवा फुस्सकन निसटली. तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं. बँडचे मास्तर गहिनीनाथ म्हणाले, "गालाची शीर उतरली, दुसरं काही न्हाई. आमच्यात नवशिक्याचा गाल बांधून वाजवायला लावत्यात. तसाच बांधू." त्यांनी रुमालाने गाल आवळून बांधला आणि अब्बा माळावर वाऱ्याधुळीत दिवसभर फुंकत बसले. गाल आपोआप हुकमात येईल, असा त्या बँडवाल्यांचा भाबडा विश्वास.

डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, तो लालभडक झाला होता. पण लक्ष कुणाचं? सगळ्यांचा जीव ओठांत अडकलेला! मॅडम दवाखान्यात चला म्हणून विनवत होत्या, पण अब्बा जागचे हलत नव्हते.

"डॉक्टर लकवा म्हणाला तर मला वरातीची सुपारी कोण देईल, बेटा? आणि मेंदूच गेला म्हणाला तर?"

ही खरी भीती होती. म्हणून मला आणलं होतं.

मॅडमनी मला चटईवर ठेवून उघडलं. समोर अब्बा आणि गहिनीनाथ मास्तर बसले.

"ही पिवळी तार बघा, अब्बा. ही सातवी नस. मेंदूच्या देठातून निघते, कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते आणि चेहऱ्यावर फाटे फोडते. एक कपाळाला, एक पापणीला, एक गालाला, एक ओठाला. आता कपाळाला आठ्या घाला."

आठ्या उजवीकडेच पडल्या. डावं कपाळ गुळगुळीत राहिलं.

"कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. म्हणून मेंदूत बिघाड असता तर बहुधा कपाळ दोन्हीकडून हललं असतं. मला वाटतं, ही नस बोगद्यात सुजून दबलीय. पक्कं डॉक्टरच सांगतील, पण त्यासाठी आज गेलंच पाहिजे. आता डोळे मिटा."

अब्बांनी डोळे मिटले. म्हणजे त्यांना तसं वाटलं. उजवा मिटला. डावा तसाच टक्क उघडा, फक्त बुबुळ वर सरकलं.

"आयला, मोहियोद्दीनभाई! डोळा उघडाच हाय की!" गहिनीनाथ ओरडले.

"मिटलाय ना," अब्बा म्हणाले.

"न्हाई ओ, लई उघडा हाय!"

मॅडमनी माझ्या तिसऱ्या तारेवर बोट ठेवलं. "ही पापणी उघडते. ती ठणठणीत आहे. मिटण्याचं काम सातवीचं, आणि ती रुसलीय. काका, तुम्ही गाल बांधलात, पण डोळा कालपासून उघड्यावर पडलाय."

मास्तरांचा चेहरा पडला. रुमाल त्यांनी स्वतः सोडला. "सुपारी गेली खड्ड्यात! उठा, टेम्पो दारातच हाय."

डॉक्टरांनी नस सुजल्याचंच निदान केलं. औषधं दिली, डोळ्यात घालायचे थेंब दिले आणि झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करायला सांगितलं. बुबुळावर ओरखडा उठला होता. आणखी उशीर झाला असता तर डोळ्यात फूल पडून नजर गेली असती, असं ते म्हणाले. तेव्हा अब्बांनी थेंबांची बाटली स्वतःच मागून घेतली, हे मला मॅडमनी धूळ पुसताना सांगितलं.

लग्नसराई हुकली. मी मात्र अब्बांच्या घरीच राहिलो. माझा पिवळा फाटा न्याहाळत ते आरशात भुवई उचलायचा प्रयत्न करायचे, आणि गहिनीनाथ रोज येऊन चिडवायचे, "अजून एकच बाजू हसतीय, उधारीचं हसू हाय!" अब्बा रागवायचे आणि हसायचेही, अर्धंच.

एका दुपारी अब्बा बाजेवर लवंडले. मॅडम नेहमीप्रमाणे चिकटपट्टी घेऊन आल्या, वाकल्या आणि वाकलेल्याच थांबल्या. अब्बा गाढ झोपले होते. दोन्ही डोळे मिटून. डावी पापणी थोडी थरथरत होती, पण पुरती मिटलेली होती. मॅडम तिथेच जमिनीवर बसल्या आणि तोंडावर ओढणी धरून हमसून हमसून रडल्या. अब्बांना जाग येऊ नये म्हणून आवाज मात्र होऊ दिला नाही.

मित्रांनो, घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं तर गाल बांधू नका, वाट बघू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा. आणि आज झोपताना तुमच्या पापण्या आपसूक मिटतील. मिटण्याआधी एकदा त्या सातवीची आठवण काढा. बिचारी जन्मभर हे काम करते आणि तुम्ही तिचं नावही विचारलेलं नसतं.