भराभर येणारे पाणी

मित्रांनो, मी पाणी गाळणारे एक जुने मडके आहे. चिकणमातीत भाताचा कोंडा मळून मला घडवले. भट्टीत कोंडा जळून गेला आणि माझ्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहिली. त्यांतून पाणी झिरपे, घाण माझ्यातच अडके.

कंबोडियातल्या नॉम पेन शहरात, नदीकाठच्या वस्तीत मी कुंथियाच्या घरी आले. खाली तोटीची बादली, वर मी. नदीचे गढूळ पाणी माझ्यात ओतले की बादलीत नितळ पाणी साठे. फक्त वेळ फार लागे.

शेजारची यिम मावशी टोमणा मारी, "अगं, तुझं मडकं पाणी देतंय की घाम गाळतंय?"

कुंथिया हसून म्हणे, "असू दे मावशी. माझी लेक मलिस याच पाण्यावर वाढलीय."

एका वर्षी पुराचे पाणी घरात शिरले. मला माचावर चढवताना कुंथियाच्या नवऱ्याचा, सोखोमचा, पाय घसरला आणि मी खांबावर आदळले. तडा केसाएवढाच गेला. कुणाला दिसला नाही.

त्यानंतर बादली भराभर भरू लागली. "बघ, मडक्याला शहाणपण आलं!" सोखोम खूश झाला. यिम मावशीनेसुद्धा कौतुक केले. जन्मात माझे एवढे कौतुक झाले नव्हते, आणि मला ते ऐकवत नव्हते. पाणी आता गाळले जात नव्हते, नुसते वाहत होते. छोटी मलिस ते गटागटा पिई. मला वाचा असती तर मी किंचाळले असते.

मलिसला हगवण लागली. डोळे खोल गेले, हाक मारली तरी ती ओ देईना. कुंथिया तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात धावली. परतली ती एकटीच. आल्या आल्या तिने मला उचलले, उजेडात धरले, बोट फिरवले. बोट त्या ओल्या रेघेवर थांबले.

"नर्सबाईंनी बरोबर ओळखलं," ती सोखोमला म्हणाली. "पाणी एकदम जोरात यायला लागलं, तेव्हाच बघायला हवं होतं. आपण हसत बसलो."

पोर वाचली, पण घरी आली ती काडीसारखी होऊन. कुंथिया मला बाहेर टाकायला निघाली.

"टाकतेस कशाला? मला दे," यिम मावशी म्हणाली. "थोडं तरी गाळेलच की."

"नको मावशी. तुझ्याही घरात नातू आहे." कुंथियाने दगड उचलला आणि माझा तळ फोडला.

मित्रांनो, तो घाव मला दुखला नाही. तुमच्या घरची गाळणी अचानक भराभर पाणी देऊ लागली, तर तिचे कौतुक करू नका. तिला खाली उतरवा, नीट तपासा. आम्हाला सांगता येत नाही.